अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्यावर तुमच्या स्वयंपाकघरात काय बदललं? (अनुभव धागा, सांगली जिल्हा)

धागा सुरू करणारी, विश्रामबाग

माझी खानावळ आहे. कॉलेजची मुलं, बँकेतले दोघं-तिघं, खोली घेऊन राहणारे नोकरदार, मिळून रोजची सव्वाशे ताटं. बारा वर्षांत एक तक्रार नव्हती. मग एका उन्हाळ्यात रात्रीचा फोडणीचा भात खाऊन चार मुलांना दोन-तीन तासांतच उलट्या सुरू झाल्या. भात सकाळचा, मोठ्या पातेल्यात झाकून ओट्यावर ठेवलेला. वास नव्हता, तार नव्हती, चव मी स्वतः घेतली होती. फोडणीत चांगला वाफवलाही होता. पोरं दोन दिवसांत बरी झाली, पण मला महिनाभर झोप नव्हती. चुकलं कुठं तेच कळेना.

उत्तर पुढच्या वर्षी फॉस्टॅकच्या, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्रशिक्षणाच्या, वर्गात मिळालं. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे कवचात झोपलेले जिवाणू, असतात, ते शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. ते विष पुन्हा कितीही गरम केलं तरी जात नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअस या पट्ट्यात जिवाणू झपाट्यानं वाढतात, आणि झाकलेलं मोठं पातेलं याच पट्ट्यात तासन्‌तास बसून असतं. ‘उकळलं की सगळं मरतं’ हे मी आईकडून ऐकलं, माझ्या बायकांना शिकवलं. तिथंच घात होता.

आता रात्रीचा भात रात्रीच लावते. दुपारचा उरला तर लगेच परातीत पातळ पसरते, पंख्याखाली वाफ घालवते आणि फ्रिजमध्ये टाकते. डाळ-आमटीत खुपसायचा थर्मामीटर घेतला. वाढप होईपर्यंत आमटी ६० च्या खाली येऊ देत नाही.

नवख्यांसाठी थोडं: अन्नसुरक्षेचा कायदा २००६ चा, परवाना-नोंदणीचे नियम २०११ चे, फॉस्टॅक २०१७ पासून. परवाना असलेल्या धंद्यात दर २५ कामगारांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक लागतो. माझं प्रमाणपत्र दोन वर्षांसाठी आहे. पण वर्गात बसले मी, आणि भात झाकून ठेवते माझ्याकडं स्वयंपाकाला असलेली मावशी. तिच्यापर्यंत हे पोचवायचं कसं, हा माझा खरा प्रश्न आहे. तुम्ही कसं केलंत ते लिहा. काय जमलं नाही तेही लिहा.

लग्नाची जेवणं करणारा आचारी, विटा

ताई, सत्तावीस वर्षं झाली मांडवात. आमच्याकडं माणसं रोज वेगळी. पोळ्याला दहा बायका एका गावच्या, वाढपी पोरं दुसऱ्या गावची. कुणाकुणाला शिकवणार? मी एकच केलं. चूल पेटवायच्या आधी सगळ्यांना गोळा करतो आणि तीन गोष्टी सांगतो. हात साबणानं धुवायचे. पोट बिघडलंय त्यानं आत्ताच सांगायचं, मजुरी कापणार नाही. वाढलेलं परत पातेल्यात टाकायचं नाही.

दुसरी गोष्ट अवघड गेली. पयल्या वर्षी कुणीच सांगत नव्हतं. मग एका मुलाला हगवण होती, त्यानं सांगितलं. त्याला मी खुर्च्या मांडायला लावलं आणि पैसे पूर्ण दिले, सगळ्यांच्या देखत. त्यानंतर माणसं आपणहून सांगाय लागली.

आणि मठ्ठ्याचा बर्फ. उन्हाळ्यात मांडवात लाद्या येतात, गोणपाटात गुंडाळून, टेंपोत उभ्या. आम्ही त्या फोडून मठ्ठ्यात घालायचो. तो बर्फ खायचा नसतो हे वर्गात समजलं. खायचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा असा नियम त्यासाठीच आला. आता लाद्यांवर भांडी बाहेरून गार करतो, आत काही टाकत नाही. यजमान म्हणतात मठ्ठा गार नाही. म्हणू दे.

पोषण आहाराची मदतनीस, तासगाव तालुका

मी शाळेत खिचडी शिजवते. आम्हाला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. शिकवायला आलेल्या मॅडमनी हळद मागवली. आपल्या सांगलीत हळदीला काय तोटा! तेलात कालवून सगळ्यांच्या हाताला चोळली आणि म्हणाल्या, डोळे मिटून रोजच्यासारखे हात धुवा. उघडून बघतो तर नखांच्या कडेला, अंगठ्याच्या मागं, बोटांच्या बेचक्यात पिवळं तसंच. मी पंचवीस वर्षं हात धुते, आणि अंगठा कधी धुतलाच नव्हता.

तोच खेळ मी मुलांना खेळायला लावला. चौथीची पोरं आता एकमेकांचे अंगठे तपासतात.

वाढायच्या आधी गुरुजी चव घेतात, वहीत लिहितात. ते चांगलंच आहे, खारट-करपलेलं कळतं. पण वरच्या ताईंनी लिहिलंय तसं विष चवीला लागत नाही, हे मी गुरुजींना सांगितलं. तेव्हापासून वहीत खिचडी कधी उतरवली आणि कधी वाढली ही वेळही लिहितो. आमच्याकडं अडचण पाण्याच्या टाकीची आहे. धुवायला माणूस मिळत नाही. शेवटी आम्ही दोघी बायकाच उतरतो.

मिठाईचा कारागीर, मिरज

मालक वर्गाला जाऊन आले, प्रमाणपत्र गल्ल्यामागं लावलं. आम्हाला चार महिने काही कळलं नाही. एकदा माझं बोट कापलं होतं, पिकलं होतं, मी चिंधी बांधून खवा मळत होतो. गिऱ्हाईक बाई डॉक्टर निघाल्या. त्यांनी काचेतून बघितलं आणि शांतपणे समजावलं, की पिकलेल्या जखमेत स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू असतो, तो खव्यात गेला की विष तयार करतो, आणि तेही उकळून जात नाही. मला राग नाही आला, भीती वाटली. किती पेढे गेले असतील माझ्या हातचे.

मालकांशी बोललो. आता जखम असेल त्याला पॅकिंगच्या खोक्यांचं काम, किंवा निळी पट्टी आणि वर हातमोजा. निळीच, कारण खव्यात पडली तर दिसते. वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइडची लस हेही आता होतं.

धागा सुरू करणारी

विट्याच्या दादांचं वाचून मी कालच ठरवलं. आजारी म्हणून घरी बसलेल्या दिवसाचा पगार द्यायचा, महिन्याला दोन दिवस. माझ्याकडं सहा जणी आहेत. हिशोब केला, फार नाही पडत. मावशीला विचारलं तर म्हणाली, गेल्या पावसाळ्यात जुलाब होत असताना तीन दिवस पोळ्या लाटल्या होत्या. मला सांगितलं नाही, कारण खाडा पडला असता.

वडापावचा गाडा, सांगली

थोडक्यात. पेपरात बांधून देणं बंद केलं, शाईतली रसायनं गरम तेलासोबत पोटात जातात. २०१८ च्या नियमांत मनाई आहेच. तेलाचं सांगतो: पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवून त्यात तयार होणारे खराब घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की तेल वापरायचं नाही, हे १ जुलै २०१८ पासून आहे. आमच्याकडं मोजायचं यंत्र नाही. फेस येऊन बसत नाही, धूर लवकर येतो, तेल दाट होतं, म्हणजे संपलं. कालच्या तेलात ताजं ओतायची सवय सोडली. रोज सुमारे दोनशे रुपये जादा जातात, ते झळ बसण्याइतके आहेत.

निवृत्त शिक्षिका, सांगलीवाडी

माझं हॉटेल नाही, तरी लिहिते. ऑगस्ट २०१९ च्या पुरात आम्ही दहा-बारा जणींनी एका मंगल कार्यालयात चूल मांडली होती. पहिल्या दिवशी सकाळी आठला मसालेभात केला, पिशव्या भरल्या. बोट आली साडेबाराला. पलीकडं लोकांच्या हातात पडेपर्यंत अडीच वाजले असतील. गरम भात, बंद पिशवी, दमट हवा. काही जणांना त्रास झाला, आम्ही तो पुराच्या पाण्यावर ढकलला. आज पहिली पोस्ट वाचून मी बराच वेळ गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी आमच्यातल्या एका आजींनी भात बंद करायला लावला. त्यांना जिवाणूचं नाव माहीत नव्हतं. त्या म्हणाल्या, ‘वाटेवर न्यायचं तर ओलं नको.’ मग कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भडंग, गूळ, आणि प्यायचं पाणी शुद्ध करायला मेडिक्लोरच्या (क्लोरीनच्या थेंबांच्या) बाटल्या असं पाठवत राहिलो. त्या पाच दिवसांत पुन्हा तक्रार आली नाही. वारीला, शेतावर नेण्याच्या शिदोरीत आपल्या बायका हेच बांधत आल्या आहेत.

विश्रामबागेच्या ताई, तुमच्या मावशींना बॅसिलसचं नाव शिकवू नका. शिदोरीत भात का बांधत नाहीत, एवढं विचारा. पुढचं त्याच तुम्हाला सांगतील.