घरी सोडण्याआधी प्रत्येक बाळाची कावीळ मोजायलाच हवी का?

धागा (परिचारिका, नवजात कक्ष)
माझं मत स्पष्ट आहे : बिलिरुबिन (ज्याने कातडी पिवळी होते ते रक्तातलं द्रव्य) मोजल्याशिवाय एकही बाळ घरी जाऊ नये. पिवळेपणा आधी चेहऱ्यावर दिसतो, मग छाती, पोट आणि शेवटी तळपाय, असं आम्ही शिकलो. पण बोटाने कातडी दाबून सोडल्यावर दिसणारा रंग खोलीतल्या उजेडावर आणि बाळाच्या वर्णावर ठरतो. सावळ्या बाळांत नजर हमखास चकते. त्यात कावीळ सर्वांत जास्त चढते ती ३ ते ५ व्या दिवशी, म्हणजे बहुतेकदा बाळ घरी गेल्यावर. फारच चढली तर मेंदूला इजा होते आणि ती भरून येत नाही.

प्रतिसाद १ (दोन मुलांची आई)
ताई, नाही पटलं. निम्म्याहून जास्त बाळांना थोडीफार कावीळ होतेच. माझ्या थोरल्याच्या टाचेला तीन दिवसांत चारदा सुई टोचली. उपचारांची गरज कधीच लागली नाही, पण त्या धास्तीने माझं पाजणं विस्कटलं. दूध कमी गेलं की कावीळ वाढते ना?

परिचारिका
वाढते. शी कमी झाली की बिलिरुबिन बाहेर पडत नाही. पण दरवेळी सुई कशाला? कपाळावर किंवा छातीवर टेकवायचं यंत्र असतं. त्यातला आकडा उपचाराच्या रेषेजवळ आला तरच रक्त घ्यायचं.

प्रतिसाद २ (बालरोगतज्ज्ञ)
आकड्यावर विसंबलं की बाळाकडे बघायचं राहतं. एका बाळाचं बिलिरुबिन अगदी व्यवस्थित होतं. आई एवढंच म्हणाली, "आज प्यायला उठतच नाहीये." दुपटं सोडून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ६८ भरले. ६० च्या वर गेले की काळजीच. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात होती, अंग गार. जंतुसंसर्ग निघाला. एवढ्या लहान बाळाला ताप येईलच असं नाही. आईला हे ओळखायला शिकवा, यंत्र नंतर.

परिचारिका
शिकवूच, डॉक्टर. पण कावीळ चढलेलं बाळही झोपाळू होतं, आणि घरचे कौतुकाने म्हणतात, किती शांत आहे! तिथे आईची नजर पुरणार नाही.

प्रतिसाद १
मग मोजा, पण आकडा नुसता हातात देऊ नका. मला तिसऱ्या दिवशी फक्त "१४" सांगितलं. पहिल्या २४ तासांतले १४ आणि तिसऱ्या दिवशीचे १४ यांत केवढा फरक असतो, हे कुणी सांगितलं असतं तर त्या रात्री मी बाळाला शांतपणे पाजलं असतं.