वाचनालयात हुडहुडी, जिममध्ये घामाच्या धारा

बी-४०२: कमिटीला हात जोडून विनंती. बाबा आज पुन्हा वाचनालयातून अर्ध्या तासात परत आले. स्वेटर, कानटोपी घालून बसले होते, तरी बोटं बर्फासारखी. ही माझी तिसरी तक्रार.

सी-२०३: आणि आम्ही जिममध्ये उकडून निघतोय. खांबावरचा थर्मोस्टॅट १८ वर केलाय, तरी आकडा २७ च्या खाली यायला तयार नाही.

डी-१०१: मी आधीपासून सांगतोय, थर्मोस्टॅटला कुलूप लावा. जो तो येऊन बटणं दाबतो.

सेक्रेटरी: नमस्कार. विषय कमिटीच्या विचाराधीन आहे. कृपया संयम ठेवावा.

बी-४०२: विचाराधीन तो मागच्या थंडीतही होता. तेव्हाही तिथे गारठाच होता.

ए-३०५: पुस्तकांनाही हुडहुडी भरली असेल, हा हा

बी-४०२: दादा, घरात म्हातारं माणूस असलं की हसू येत नाही हो.

ए-३०५: सॉरी ताई. तसं म्हणायचं नव्हतं.

सी-२०३: पण १८ केलं की लवकर गार होणार ना? आमचं चुकलं काय?

ए-७०१: नोकरीभर हेच काम केलंय म्हणून सांगतो. छतावरचं एएचयू, म्हणजे हवा गार करून ढकलणारं मोठं यंत्र, सगळ्या खोल्यांना एकाच तापमानाची हवा पाठवतं, साधारण १३ अंशांची. खोलीगणिक बदलतं ते फक्त हवेचं प्रमाण. फॉल्स सीलिंगच्या वर प्रत्येक भागाला पत्र्याचा एक डबा आहे, तो व्हीएव्ही बॉक्स. थर्मोस्टॅटला गरम वाटलं की त्यातला डॅम्पर, म्हणजे हवेची झडप, उघडतो, गार वाटलं की मिटत जातो. पूर्ण मिटत नाही, कारण माणसांना ताजी हवा लागतेच. तेवढ्या हवेनेही खोली गारठत असेल तर बॉक्सवरचा हीटर ती हवा कोमट करून सोडतो. तेव्हा १८ करा नाहीतर २३, हवा १३ अंशांचीच येणार. डॅम्पर एकदा पूर्ण उघडला की त्यापुढे त्याच्या हातात काही नाही.

डी-१०१: म्हणजे कुलूपच.

बी-६०४: काका, मग हे डॅम्परचं लचांड हवंच कशाला? सगळे कायमचे उघडे टाका, सगळ्यांना सारखी हवा.

ए-७०१: अहो, मग पंखा दिवसभर पूर्ण वेगाने फिरेल. आत्ता डॅम्पर मिटले की डक्टमधला दाब वाढतो, सेन्सरला तो कळतो आणि व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमीजास्त करणारं उपकरण, पंख्याचा वेग उतरवतो. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या हिशोबाने घटते. वेग ८० टक्क्यांवर आला तरी वीज जवळपास निम्म्यावर येते. शिवाय सकाळी ऊन पूर्वेकडच्या खोल्यांवर, दुपारी पश्चिमेच्या. पूर्ण हवा एकाच वेळी सगळ्यांना लागत नाही, म्हणून एएचयूही तेवढं मोठं घेतलेलं नाही. सगळे डॅम्पर उघडे टाकलेत तर टोकाच्या खोलीला हवा पुरणार नाही.

बी-६०४: लिफ्टच्या वेळीही असंच छान समजावलं होतंत. पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

ए-७०१: लिफ्टचं मीटिंगमध्ये काढा, तिथे उत्तर देईन.

सेक्रेटरी: लिफ्टचा विषय इथे नको, ही नम्र विनंती.

डी-१०४: वाचनालयातल्या जाळीला पुठ्ठा मी लावला. बी-४०२ च्या बाबांच्या थेट डोक्यावर वारा यायचा, बघवेना. पण तेव्हापासून शेजारची जाळी शिट्टी मारते.

ए-७०१: वहिनी, बॉक्समध्ये हवा मोजणारा सेन्सर असतो. एक वाट अडवली की डॅम्पर आणखी उघडतो आणि तेवढीच हवा उरलेल्या जाळीतून रेटतो. शिट्टी त्याचीच.

डी-१०४: बरं, मला एक सांगा. वाचनालयात थर्मोस्टॅट आहे तरी कुठे? मी चारही भिंती पाहिल्या. पूर्वी मोठा हॉल होता तेव्हा मधल्या खांबावर होता. मागच्या वर्षी पार्टिशन घातलं तेव्हा तो खांब जिमकडे गेला ना?

डी-१०१: कुठेही असो, कुलूप लावा.

ए-७०१: थांबा. वहिनी, सापडलं! त्या खांबावरच्या थर्मोस्टॅटला जोडलेला बॉक्स वाचनालयाच्या डोक्यावर आहे. मी आत्ता ड्रॉइंग काढून पाहिलं. जिममधली मंडळी घामाघूम होऊन १८ करतात, तो जिमची हवा मोजून २७ दाखवतो, आणि डॅम्पर उघडतो वाचनालयाचा. जिमला त्यातला एक झोत मिळत नाही. थंडीत हीटर का लागला नाही तेही कळलं. त्याच्या लेखी खोली कधी गार झालीच नव्हती.

बी-४०२: म्हणजे वर्षभर बाबा दुसऱ्या खोलीच्या उकाड्यापायी कुडकुडत होते?

ए-७०१: हो ताई. पार्टिशनच्या वेळी नकाशा मीही पाहिला होता, तेव्हाच लक्षात यायला हवं होतं.

सेक्रेटरी: उद्या टेक्निशियन बोलावतो.

(दुसऱ्या दिवशी)

सेक्रेटरी: पार्टिशनला भोक पाडून वायर ओढली, थर्मोस्टॅट वाचनालयात कपाटांपासून दूर, उन्हाची तिरीप येणार नाही अशा भिंतीवर बसवला. २४ वर ठेवला आहे.

बी-४०२: बाबा सकाळी गेलेत, अजून आलेले नाहीत. मनापासून आभार.

सी-२०३: आणि जिम? आम्ही उकडतच राहायचं का?

ए-७०१: तुमच्या बॉक्सचा डॅम्पर सकाळपासून पूर्ण उघडाच आहे. तो बसवला तेव्हा २ ट्रेडमिल होत्या, आता ५ आहेत, आणि प्रत्येक मोटर खोलीत उष्णता सोडते. कमाल हवेचं सेटिंग वाढवता येतं का ते टेक्निशियन हवा मोजून सांगेल. बॉक्सच लहान पडत असेल तर बदलावा लागेल, ते मी मीटिंगमध्ये लावून धरेन.

डी-१०१: आणि कुलूप?

सेक्रेटरी: लावतोय.

ए-७०१: वहिनी, पुठ्ठा तेवढा काढा.

डी-१०४: काढला. चिकटपट्टीचे डाग राहिलेत, उद्या पुसते.