कमाटीबाग आहेच हो, पण भायलीतल्या पोरांनी खेळायचं कुठे?

भायलीकर (धागा यांनी काढला)

बडोद्यात बागांचा विषय निघाला की गाडी कमाटीबागेवर येऊन थांबते. म्युझियम, प्राणिसंग्रहालय, तारांगण, फुलांचं घड्याळ, छोटी आगगाडी. पाहुणे आले की आपणही त्यांना तिथेच नेतो. त्या बागेबद्दल माझी काही तक्रार नाही. पण एका बागेच्या पुण्याईवर अख्खं शहर किती वर्षं काढणार?

हिशोब करून बघा. बाग ११३ एकर, म्हणजे ४५ हेक्टरच्या थोडी वर. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १६ लाख ७० हजार. भागाकार केला की माणशी पाव चौरस मीटरपेक्षा किंचित जास्त जागा येते. उभं राहता येईल, बसायचं तर शेजाऱ्याला विचारावं लागेल. नगरनियोजनाची केंद्राची २०१४ ची मार्गदर्शक तत्त्वं मोकळ्या जागेसाठी माणशी १० ते १२ चौरस मीटर सांगतात. त्यात मैदानं वगैरे सगळं धरलंय, मान्य. बाकीच्या बागा मिळवल्या तरी आपण त्याच्या जवळपास जाऊ असं कुणाला वाटतं का?

गंमत म्हणजे कायद्यात सोय आहे. गुजरातच्या १९७६ च्या नगररचना कायद्याखाली टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम आखतात तेव्हा सगळ्या मालकांच्या जमिनीतून थोडा थोडा भाग कापला जातो. त्यातून रस्ते निघतात, गरिबांच्या घरांना जागा निघते आणि ५ टक्के जमीन बाग-मैदान-मोकळ्या जागेसाठी राखायची तरतूद आहे. म्हणजे कॉर्पोरेशनला ती बाजारभावाने विकत घेत बसायचं नाही. नकाशावर हिरवा चौकोन येतो. प्रत्यक्षात तिथे गाजरगवत, कुणाच्या तरी बंगल्याचा मलबा, कोपऱ्यात एक हातगाडी आणि लग्नसराईत मंडप. २०२० मध्ये भायली, सेवासी, बिल ही गावं शहरात आली, टॉवर उभे राहिले. चौकोन अजून चौकोनच आहेत.

माझी सूचना: पाच वर्षं कमाटीबागेत आणि तलावांच्या काठी एकही नवीन आकर्षण नको. कारंजं नको, लेझर शो नको, सेल्फी पॉइंट तर नकोच. ते पैसे या प्लॉटांवर लावा. कुंपण, सावलीची झाडं, पाण्याचा नळ, संडास. घसरगुंडी पुढच्या वर्षी आली तरी पोरं रागावणार नाहीत.

रावपुऱ्याचा राजा

पाच वर्षं म्हणे! तुमच्या टॉवरमध्ये क्लबहाउस आहे, खाली लॉन आहे, वॉचमन आहे. आमच्याकडे जुन्या शहरात, वाडी-मांडवी भागात घराला लागून घर. पोरांना अंगण नाही आणि जिन्याखाली सायकल ठेवायची तरी भांडण होतं. आमचं अंगण कमाटीबागच. पादरा, डभोई, वाघोडियाची माणसं एसटीने येऊन दिवसभर तिथे बसतात, घरून थेपले आणतात, आत शिरायला पैसा लागत नाही. अशी जागा शहरात दुसरी दाखवा. महाराजांनी १८७९ मध्ये ती रयतेला दिली, तिच्यावरचा खर्च कापायची भाषा बडोदेकराच्या तोंडी शोभत नाही.

दफ्तरदार

जरा अवांतर. १८७९ मध्ये सयाजीराव महाराज सोळा वर्षांचे होते. त्यांना पूर्ण अधिकार मिळाले १८८१ च्या डिसेंबरात. तोवर राज्याचा गाडा दिवाण सर टी. माधवराव हाकत होते. तेही तंजावरकडचे मराठीच, त्यामुळे आपली कॉलर ताठच राहते. महाराजांनी पुढे बागेसाठी जे केलं ते अफाट आहे, त्याबद्दल वाद नाही.

विषयाशी संबंध असा की पुढे राज्याने बागा सांभाळायला शिकलेला माणूस नेमला. क्रुम्बीगेल नावाचा जर्मन, आधी लंडनच्या क्यू बागेत काम केलेला, १८९३ मध्ये बडोद्याला आला. नंतर म्हैसूर सरकारने त्याला नेलं आणि बंगळूरच्या लालबागेत त्याचं नाव झालं. त्याच दशकात आजवा तलावाचं पाणी शहरात आलं. पाण्याची सोय आणि जाणकार माळी असा तो जोड होता. आज बाग म्हटली की टेंडर निघतं ते पेव्हर ब्लॉक, गेट आणि कमानीचं. माळी येतो कंत्राटदाराकडून, आज हा तर सहा महिन्यांनी दुसरा. कुठल्या झाडाला खोडकिडा लागलाय हे त्याला कोण सांगणार? भायलीकर, तुमच्या यादीत कुंपण आहे, नळ आहे, माणूस नाही.

पार्टीप्लॉट

माणूस नाही कारण पगार नाही. इथे सगळे भावनेच्या भरात लिहिताहेत, पैसे कुठून येणार ते कुणी बोलत नाही. दहा रुपये तिकीट लावा. लालबागेचं नाव काढलंत ना, तिथे तिकीट आहे, फक्त सकाळी फिरायला येणाऱ्यांना माफ. अहमदाबादेत साबरमतीच्या काठच्या फ्लॉवर पार्कला तिकीट, अटल ब्रिजला तिकीट, तरी रांगा लागतात. तिथल्या कितीतरी बागा अमूल सांभाळतं, बदल्यात बागेत आइस्क्रीमचं पार्लर. लोक आइस्क्रीम खातात, गवत हिरवं राहतं. अडचण काय आहे? फुकट बागेत बाकडी मोडतात, नळाच्या तोट्या चोरीला जातात. छोटे प्लॉट सोसायट्यांना किंवा खासगी माणसाला चालवायला द्या आणि मोकळे व्हा.

कारेलीबागची आई

मोकळे व्हा? १८ जानेवारी २०२४ विसरलात? हरणी तलाव करारानेच चालवायला दिलेला होता. शाळेची सहल, बोटीत क्षमतेपेक्षा जास्त मुलं, अनेकांना लाइफ जॅकेट नाही. १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर काही महिने माझ्या मुलाच्या शाळेतून सहलीचा कागद आला की हात थरथरायचा.

तिकिटाबद्दल. दहा रुपये तुम्हाला काहीच नाहीत. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई दोन पोरांना घेऊन बाहेर पडतात, तेव्हा येण्याजाण्याचा रिक्षाचा खर्चच त्यांना जड होतो. त्यावर तीन तिकिटं. त्या येणारच नाहीत. मग बाग स्वच्छ दिसणारच, कारण जिला तिची सगळ्यात जास्त गरज आहे ती बाहेर उभी असेल.

आणि सोसायट्यांना द्यायचं म्हणता ते मी पाहिलंय. आमच्या जवळच एका बागेच्या गेटवर पाटी लागली: बाहेरच्यांना प्रवेश नाही. सरकारी जागा, आणि बाहेरचे कोण? मागच्या चाळीतली मुलं.

दुपारी बागा बंद का असतात हेही मला कधी कळलं नाही. मे महिन्यात पत्र्याखाली राहणाऱ्याला झाडाची सावली नेमकी तेव्हाच हवी असते. आणि संध्याकाळी सातनंतर दिवे नाहीत, म्हणून आम्ही बायका चालायला रस्त्यावर.

पार्टीप्लॉट

ताई, हरणीचं दुःख सगळ्यांनाच आहे. पण दोष कराराचा की तपासणी न करणाऱ्याचा? बोट कॉर्पोरेशनची असती तर जास्त मुलं बसवली नसती? करारात दर महिन्याच्या तपासणीची अट घाला, दंड ठेवा. खासगी म्हटलं की लगेच राक्षस उभा करू नका. तिकिटाचं म्हणाल तर बारा वर्षांखालच्यांना माफ करा, मला चालेल.

दफ्तरदार

तपासणी करायला कोण जाणार? बागखात्यात माणसं नाहीत म्हणून करार करायचा, आणि करारावर लक्ष ठेवायला त्याच खात्यातली माणसं पाठवायची!

विश्वामित्रीकाठी

तिकीट की फुकट यावर तुम्ही बसा भांडत. ऑगस्ट २०२४ मध्ये निम्मं शहर पाण्यात होतं, सोसायट्यांमध्ये मगरी फिरत होत्या, वन खात्याची माणसं आणि स्वयंसेवक त्यांना दोराने बांधून नेत होते. २०१९ मध्येही तेच झालं होतं. कमाटीबाग विश्वामित्री नदीच्या दोन्ही काठांवर पसरली आहे. पावागडाकडून पाणी आलं की ते पसरायला जागा शोधतं, आणि बाग ती जागा आहे. ११३ एकरांवर इमारती असत्या तर सयाजीगंज आणि फतेहगंजचं काय झालं असतं, विचार करा. म्हणून रावपुऱ्याच्या राजांना सांगतो, बागेवर खर्च जरूर करा, पण आणखी काँक्रीट, आणखी पायवाटा, आणखी डोम कशाला? प्रत्येक पेव्हर ब्लॉक खालच्या मातीला झाकण घालतो.

भायलीकरांनाही तेच. तुमचे प्लॉट रस्त्यापेक्षा हातभर खोल ठेवा. भराव घालून, कठडा बांधून, वर लॉन अंथरायची जी पद्धत आहे ती बंद करा. पावसाचे चार दिवस तिथे पाणी साचलं तर साचू दे, तेवढंच तुमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये जाणार नाही. आणि नदीकाठ सुशोभित करायची टूम निघाली की लक्षात ठेवा, त्या काठात मगरी अंडी घालतात आणि त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.

रावपुऱ्याचा राजा

मगरीला कायद्याचं संरक्षण, आमच्या पोरांना कुणाचं?

विश्वामित्रीकाठी

पोरांना बागेचं. म्हणून तर लिहितोय.

भायलीकर

राजे, मी देखभाल थांबवा असं लिहिलेलं नाही. नवीन आकर्षण नको, असं लिहिलंय. जुनी झाडं, जुने पूल, पिंजरे, संडास यांवर आज होतो त्याहून जास्त खर्च करा, माझी हरकत नाही.

पार्टीप्लॉट, पैशाबद्दल. नवीन कारंज्याला पैसे सापडतात, कारण त्याचं उद्घाटन होतं, फीत कापता येते. माळ्याच्या पगाराला फीत नसते. माळी प्रत्येक बागेला वेगळा कशाला? पाच-सहा छोट्या बागांना मिळून एक पक्का माळी आणि दोन मदतनीस, सायकलवरून फिरणारे. दफ्तरदारांचा मुद्दाही त्यात बसतो. पाणी साचू देण्याची कल्पना मला आवडली. आमच्या सोसायटीतल्या लोकांना डासांचं काय ते कुणीतरी समजावा, मी समजावणार नाही.

आता कामाचं. वॉर्डातल्या टीपीचे नकाशे नगररचना खात्यात बघायला मिळतात, बागेसाठी राखलेल्या प्रत्येक प्लॉटला एफपी (फायनल प्लॉट) नंबर असतो. आपापल्या भागातले नंबर काढा, जागेवर जाऊन फोटो घ्या, इथे टाका. आठवडाभरात यादी करून सगळ्यांच्या सह्यांनी आयुक्तांना अर्ज देऊ: प्रत्येक प्लॉटवर पाटी लावा, एफपी नंबर, क्षेत्रफळ, कशासाठी राखीव. पाटी लागली की मंडप घालणारा निदान विचार करेल.

कारेलीबागची आई

अर्जात दुपारी बाग उघडी ठेवण्याचं आणि दिव्यांचं लिहा. मी चार सोसायट्यांतल्या बायकांच्या सह्या आणते.

पार्टीप्लॉट

सही करतो, पण पाटीवर दरवर्षीचा देखभाल खर्चही लिहायला लावा. आकडा दिसू दे लोकांना, मग तिकिटावर परत बोलू.

रावपुऱ्याचा राजा

पाटी लावा, दिवे लावा, सगळ्याला हो. ते पाच वर्षांचं कलम अर्जातून काढा, नाहीतर वाडीतून एकही सही मिळणार नाही.