इंग्लंडच्या खेड्यापाड्यांत फिरताना तुम्ही कुठे, काय जेवलात?

लंडनमध्ये वडापावसुद्धा मिळतो, पंचाईत होते ती खेड्यात. मागच्या मे महिन्यात आम्ही कॉट्सवोल्ड्समध्ये होतो. बोर्टन-ऑन-द-वॉटरची नदी, पूल, बदकं सगळं निवांत बघून आडवाटेच्या एका गावात पबमध्ये शिरलो, तेव्हा तीनला दहा कमी होते. पब उघडा, बिअर चालू, पण "किचन अडीचला बंद झालं, आता सहाला." शेजारच्या टेबलावरच्या आजोबांच्या ताटात शेवटच्या चार चिप्स (इथे चिप्स म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड तुकडे) होत्या. त्यांच्याकडे माझी मुलं अशी बघत होती की मलाच लाज वाटली. गाडीत अर्धा पुडा बाकरवडी आणि दोन केळी होती, त्यावर चौघांनी भागवलं.

ऑगस्टमध्ये लेक डिस्ट्रिक्ट आणि यॉर्कशायरला जातोय. सोबत आई आहे, शाकाहारी, अंडंही चालत नाही. हॉटेलांची यादी नको. वेळा, युक्त्या, फसगती लिहा.

*

बारा ते अडीच आणि सहा ते नऊ, साधारण हे धरून चाला. रविवारी दुपारी रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, असतो, तो संपला की बऱ्याच पबची चूल एकदम मंगळवारीच पेटते. बाजारहाटही आधी उरका: मोठी सुपरमार्केटं कायद्याने रविवारी सहाच तास उघडी असतात, बहुतेक चारला बंद. छोट्या दुकानांना हा नियम नाही, त्यामुळे गावातलं कोऑप, म्हणजे सहकारी साखळीतलं किराणा दुकान, वाचवतं.

आणि पबमध्ये वेटरची वाट बघत बसू नका. टेबलाचा नंबर बघून बारवर जायचं, तिथेच सांगायचं. पहिल्या वेळी आम्ही वीस मिनिटं शहाण्यासारखे बसून होतो.

*

आई शाकाहारी आहेत ना? मग हे वाचाच. व्हिटबीला सासूबाईंना चिप्स घेऊन दिल्या. बटाटाच तर आहे! अर्ध्या संपल्यावर मला पाटी दिसली: आमच्याकडे सगळं बीफ ड्रिपिंगमध्येच तळतात. म्हणजे गाईबैलाच्या चरबीत. यॉर्कशायरकडची जुनी पद्धत आहे ती, आणि ती पाटी अभिमानाने लावलेली असते. सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही. (त्या इथे वाचत नाहीत. बहुतेक.)

तेव्हापासून आधी विचारते, "कशात तळता?" वूस्टरशर सॉसमध्ये मासे असतात, तो चीज टोस्टवर शिंपडतात. यॉर्कशायर पुडिंगमध्ये अंडं. चहासोबतच्या स्कोनवरही (छोटा, जाडसर बन) बऱ्याचदा अंड्याचा हात फिरवलेला असतो. पॅकबंद सँडविचचं मात्र सोपं झालंय. ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बनवून बांधलेल्या पाकिटावरही सगळे घटक छापावे लागतात. अंडं, दूध, मासे ठळक अक्षरांत. चष्मा विसरू नका.

*

एवढं घाबरवू नका हो त्यांना! जॅकेट पोटॅटो कुठेही मिळतो: सालासकट भाजलेला बटाटा, वर बीन्स नाहीतर चीज. प्लाउमन्स लंच मागा, हॅम नको म्हणून सांगा. पाव, चीज, लोणचं, कांदा. आपल्या भाकरी-कांद्याचा गोरा चुलतभाऊ. जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या वाड्यांमधल्या टीरूममध्ये सूप बहुतेकदा भाज्यांचंच असतं.

लेक डिस्ट्रिक्टला एम ६ मोटरवेवरून जात असाल तर टीबेच्या हायवे-थांब्यावर थांबा. रस्त्यात जमीन गेलेल्या एका शेतकरी जोडप्याने १९७२ मध्ये हा थांबा सुरू केला. फार्म शॉपमधून ब्रेड, चीज, टोमॅटो भरून घ्या. महाग आहे, पण पुढे दऱ्याखोऱ्यांत शिरलात की फोनला रेंजही नसते, हॉटेल शोधणार कशावर?

*

तालुक्याएवढ्या गावात 'इंडियन' अशी पाटी हमखास दिसते. मालक बहुधा सिल्हेटचे बांगलादेशी. साडेपाचच्या आधी उघडत नाहीत. मेन्यूवरचं सोडा, "घरी जेवता तसं डाळ-भात मिळेल का" असं विचारा. आम्हाला एका काकांनी वर लिंबू आणि हिरवी मिरची आणून दिली, पैसे फक्त डाळीचे घेतले.

*

डेव्हनमध्ये स्कोनवर आधी क्रीम मग जाम, कॉर्नवॉलमध्ये उलट. भांडणात पडू नका, खा.

*

आम्ही यूथ हॉस्टेलांत राहतो. बऱ्याच ठिकाणी स्वतः रांधायला स्वयंपाकघर असतं, बुक करताना तेवढं विचारून घ्या. मूगडाळ, तांदूळ, हळद, हिंग आणि तीन लिटरचा कुकर. पहिली शिट्टी झाली तेव्हा शेजारी पास्ता उकळणारा मुलगा दचकून मागे सरला, पण नंतर वाटी घेऊन आला.

*

सगळ्यांचे आभार. आईला हे फोनवर वाचून दाखवलं. चिप्सपाशी ती गप्प झाली. मग म्हणाली, माळ्यावरचा छोटा कुकर काढून ठेव.