खारपाणपट्ट्यात बीपीच्या माणसाचं मीठ मोजायचं कसं?

पूर्णाकाठ:
दर्यापूर तालुका, खारपाणपट्टा, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातला खाऱ्या भूजलाचा पट्टा. घरात पाच माणसं. सासरे ६२ वर्षांचे, बीपी १५०/९४ च्या आसपास, टेल्मिसार्टन ४० ची रोज एक गोळी. डॉक्टरांनी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगितलं आहे. पण सगळ्यांचा स्वयंपाक एकाच गंजात (पातेल्यात) होतो आणि मीठ हाताच्या अंदाजाने पडतं. किलोचं पाकीट २४ दिवसांत संपतं. प्यायला बोअरचं पाणी, टीडीएस मीटरवर १८००. हे पाणी मिठात धरायचं का? दुकानात शेंदेलोण (सैंधव) आणि लो सोडियम मीठ दोन्ही आहे, कोणतं घ्यावं? आणि उन्हाळ्यात ते वावरात घाम गाळतात, तेव्हा मीठ तोडणं धोक्याचं नाही का?

गोडपाणी:
ताई, आधी पाण्याचंच बघा. तुमच्या भागात ते ताटातल्या मिठाला भारी पडू शकतं.

टीडीएस मीटर विरघळलेल्या सगळ्या क्षारांची मिळून बेरीज दाखवतो. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम किती आणि सोडियम किती, हे त्यावरून कळत नाही. भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत नमुना द्या आणि अर्जावर ‘सोडियम’ व ‘क्लोराइड’ मुद्दाम लिहा, कारण नेहमीच्या तपासणीत सोडियम बरेचदा सुटतं. बोअर पाच मिनिटं चालू ठेवा, त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, मग भरा.

समजा, सोडियम लिटरला ४०० मिलिग्रॅम निघालं. उन्हाळ्यात माणूस ४ लिटर पाणी पितो, म्हणजे १६०० मिलिग्रॅम. सोडियमला अडीचने गुणलं की मिठाचा आकडा मिळतो: ४ ग्रॅम. पाचातले चार असे पाण्यातच गेले. शिवाय वरण शिजताना पाणी आटतं, क्षार गंजातच राहतो. क्लोराइडही लिटरला २५० मिलिग्रॅमच्या बरंच वर असेल, तर हे खरोखर मिठाचंच पाणी. क्लोराइड कमी आणि बायकार्बोनेट जास्त असेल, तर तेवढंच सोडियम बीपी तितकं चढवत नाही. मात्र मूत्रपिंड किंवा हृदय कमजोर असलेल्याने तेही मोजायचं.

उकळून, तुरटी फिरवून किंवा ब्लीचिंग टाकून मीठ जात नाही. उकळल्याने उलट पाणी अजून खारं होतं. कॅन्डलचा फिल्टर आणि यूव्ही यांचाही इथे उपयोग नाही. आरओने जातं, पण त्यातही एक गोम आहे. बऱ्याच घरगुती मशिनींना टीडीएस ॲडजस्टर असतो. चव यावी म्हणून बसवणारा तो उघडा ठेवतो, आणि कच्चं पाणी थेट शुद्ध पाण्यात मिसळतं. तो बंद करून घ्या. तुमचं १८०० चं पाणी १५०-२०० च्या आसपास यायला हवं. आकडा महिन्यागणिक चढत ४०० वर गेला, तर मेम्ब्रेन (क्षार अडवणारा आतला पडदा) निकामी झाली समजा. गावातल्या पाण्याच्या एटीएमलाही मीटर लावून बघा. आरओने फेकलेलं पाणी परसातल्या भाजीला देऊ नका. काळ्या मातीत सोडियम साचलं की ती चिकट होते आणि पाणी मुरत नाही.

छत पक्कं असेल तर पावसाचं पाणी साठवणं सगळ्यात चांगलं. ३० चौरस मीटर छत आणि ७०० मिमी पाऊस धरला, तर वाया जाणारं सोडूनही १६ हजार लिटर मिळतं. पाच माणसांना पिण्यापुरतं, माणशी ४ लिटरने, आठ महिन्यांना ४८०० लिटर लागतं. म्हणजे ५ हजारांची बंद टाकी पुरते. पहिले दोन-तीन पाऊस टाकीत घेऊ नका, छताची धूळ आणि विष्ठा त्यात येते. टाकीला उजेड लागू देऊ नका, आणि हे पाणी प्यायच्या आधी उकळा किंवा त्यात क्लोरीन टाका.

चूलमाप:
आता पाकिटाचा हिशेब. १००० ग्रॅम भागिले २४ दिवस भागिले ५ माणसं, म्हणजे माणशी ८.३ ग्रॅम. लोणच्याचं आणि ढोरांना घातलेलं मीठ याच पाकिटातलं असेल, तर ते आधी वजा करा. पापड, फरसाण, आलूबोंडा यातलं मीठ ह्याच्यावर वेगळं. त्यासाठी एक ग्रॅम सोडायचा, म्हणून चुलीवरचं लक्ष्य माणशी ४ ठेवा. तेव्हा पाकीट ५० दिवस पुरेल.

चमच्याने मोजू नका. खडेमीठ आणि बारीक मीठ एकाच चमच्यात सारखं भरत नाही. आठवड्याचं मीठ दुकानातल्या काट्यावर तोलून वेगळ्या बरणीत काढा आणि तेवढंच वापरा. सध्या आठवड्याला साधारण २९० ग्रॅम जातं. दोन आठवडे २४०, मग २००, मग १७०, शेवटी १४०. एकदम १४० वर आणलं की जेवण अळणी लागतं आणि माणूस ताटात वरून मीठ घेतो. मग सगळी मेहनत वाया. जिभेला सवय व्हायला काही आठवडे लागतात.

भात आणि पोळीच्या कणकेतलं मीठ आधी बंद करा. त्याची उणीव कोणाला जाणवत नाही. ठेच्यात लिंबू आणि सांभार (कोथिंबीर) वाढवा. अंबाडीच्या भाजीत तर मीठ निम्मं केलं तरी चालतं, आंबटाने खारट चव वर येते. खायच्या सोड्याकडे लक्ष ठेवा: एका चमच्यात सव्वा ग्रॅम सोडियम, आणि चव खारट नाही म्हणून लक्षात येत नाही. पापडखाराचंही तसंच. पाण्यात फेसाळणारी ॲसिडिटीची पावडर रोज घेत असतील, तर तीही ह्यातच आली.

औषधपेटी:
शेंदेलोण म्हणजे बहुतांश सोडियम क्लोराइडच. बीपीला काही फायदा नाही, आणि त्यात आयोडीन सहसा नसतं.

लो सोडियम मीठ मात्र नीट समजून घ्या. त्यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. चीनच्या ६०० खेड्यांत झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले, अशा मिठाने पक्षाघात कमी झाले. मीठ चांगलंच आहे. पण टेल्मिसार्टन पोटॅशियम शरीरात धरून ठेवतं. रामिप्रिल, एनालाप्रिल, लोसार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन ही बीपीची औषधंही तेच करतात. मूत्रपिंड मंद असेल, तर पोटॅशियम चढून हृदयाचे ठोके बिघडतात, तेही फारशी पूर्वसूचना न देता. म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम तपासा आणि डॉक्टरांना विचारूनच ते मीठ घरात आणा. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा मूत्रपिंडाचा दुसरा रुग्ण असेल, तर एकाच गंजात ते टाकू नका.

अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेत असतील, तर तेही सांगा. या गोळ्या मीठ-पाणी अडवून बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनसोबत मूत्रपिंडावर ताण आणतात.

उपकेंद्र:
घामात सोडियम जातं हे खरं. पण दोन वेळचं जेवण करणाऱ्याला रोजच्या कामासाठी जास्तीचं मीठ लागत नाही, लागतं ते पाणी. सकाळी ११ पर्यंत आणि दुपारी ४ नंतर काम, दर अर्ध्या तासाला पेलाभर पाणी. गोळे येणं, चक्कर, मळमळ सुरू झाली तर सावलीत आणा आणि ओआरएस द्या: अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, निम्मं पाकीट अंदाजाने नाही. पाकीट नसेल तर लिटरला साखर ६ सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा. त्यासाठी बोअरचं खारं पाणी घेऊ नका. बरळू लागले, घाम थांबून अंग तापलं, तर ओल्या कपड्याने गार करत थेट दवाखान्यात.

बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड (लघवीवाटे मीठ-पाणी काढणारं औषध) जोडलं गेलं, तर उन्हाळ्यात सोडियम फार खाली येऊ शकतं. अशा वेळी सुस्ती, गोंधळ दिसला तर रक्त तपासा. गोळी मनाने बंद करू नका.

पूर्णाकाठ:
सगळ्यांचे आभार. लोणच्यात मीठ कमी घातलं तर?

चूलमाप:
ते करू नका ताई. किलोभर कैरीच्या फोडींना १५०-२०० ग्रॅम मीठ लागतंच. कमी पडलं की पावसाळ्यात बुरशी धरते आणि फोड मऊ पडते. घालायचं तेवढंच घाला, वाढताना कमी वाढा. चमचाभर, म्हणजे १५ ग्रॅम लोणच्यात दीड-पावणेदोन ग्रॅम मीठ असतं. सासऱ्यांना खार न घेता एक लहान फोड, तीही एकाच जेवणाला, आणि त्या दिवशी पापड नाही.