मदत हवी आहे: 'डेडवुड'च्या शेवटाची बाजू कशी मांडू?

मंडळी, (शेवट फोडतोय, सावध!) एचबीओची वेस्टर्न मालिका 'डेडवुड' २००६ मध्ये ३६ भागांवर बंद पडली. शेवटी खाणसम्राट हर्स्टवर गोळी झाडणाऱ्या ट्रिक्सीला वाचवायला दारूगुत्त्याचा मालक अ‍ॅल स्वेअरेंजन तिच्याऐवजी गुत्त्यातल्याच निरपराध जेनला मारतो आणि हर्स्ट मात्र ऐटीत गाव सोडतो. धाकटा भाऊ म्हणतो, "हा काय शेवट झाला? शुद्ध फसवणूक!" मला मात्र हाच शेवट खरा वाटतो. खरा जॉर्ज हर्स्ट तरी कुठे बुडाला? होमस्टेक या सोन्याच्या खाणीवर गबर झाला, पुढे सिनेटरही. आणि फरशीवरचं रक्त घासत बसलेला अ‍ॅल... अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

पण भावाचा एक मुद्दा खोडता येईना: जेन आधी जेमतेम दिसते, मग तिच्या मरणाचा चटका का लागावा? काय उत्तर देऊ? आणि २०१९ चा चित्रपट त्याला आत्ताच दाखवू की भांडण मिटल्यावर?