अकेडिया सायकलवरून : तुमचे अनुभव इथे लिहा

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, मेन राज्यातल्या माउंट डेझर्ट बेटावर अकेडिया राष्ट्रीय उद्यान आहे. जंगल, गोड्या पाण्याची तळी आणि अटलांटिकचा खडकाळ किनारा, सगळं सायकलच्या टप्प्यात. इथे मोटारींना पूर्ण बंदी असलेले ४५ मैल (सुमारे ७२ किलोमीटर) कॅरेज रोड आहेत. तेलसम्राट रॉकफेलर यांचे पुत्र जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी १९१३ ते १९४० या काळात ते घोडागाड्यांसाठी बांधून घेतले. गंमत बघा, पैसा तेलाचा आणि रस्ते तेलावर चालणाऱ्या गाड्या टाळायला.

उन्हाळा जवळ आला की तेच प्रश्न येतात. मुलांना झेपेल का? आईबाबांना नेऊ का? तळ्यांकडे जावं की समुद्राकडे? नकाशा सगळ्यांकडे असतो, पण कुठल्या चढावर दम निघतो ते त्यात नसतं. तेव्हा जाऊन आलेल्यांनी मोकळेपणाने लिहा. एकमेकांचं पटलं नाही तर खुशाल भांडा. फक्त कुठला रस्ता आणि कुठला महिना, एवढं सांगायला विसरू नका.

—०—

पहिला नंबर माझा. जुलै महिना, सोबत नवरा आणि दोन मुलं. धाकटी नुकतीच आधाराची चाकं काढून मोकळी झालेली. आम्ही ईगल लेकची फेरी धरली, साधारण ६ मैल. पूर्वेकडचा रस्ता पाण्याला लागून जातो आणि बराचसा सपाट आहे, तिथे मुलं सुसाट. पश्चिमेला मात्र चढ लांबतो. एकदम छातीवर येत नाही, पण संपतही नाही. धाकटी उतरून चालली आणि तिच्या सायकलसकट माझी वरात निघाली.

मुलांना गुंतवायला एक युक्ती कामी आली. कॅरेज रोडच्या प्रत्येक तिठ्यावर लाकडी खांबावर नंबर असतो आणि तेच नंबर नकाशावर. नकाशा थोरल्याच्या हातात दिला आणि 'पुढचा नंबर कुठला' हे त्याने सांगायचं ठरलं. रस्ता चुकायची भीती गेली, वर 'अजून किती राहिलं' हा प्रश्नही त्यालाच विचारायची सोय झाली.

मुलांसोबत जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : ईगल लेकमध्ये पोहायला बंदी आहे, बार हार्बर गावाचं पिण्याचं पाणी तिथून जातं. जॉर्डन पॉन्डलाही तोच नियम. घामाघूम मुलांना काचेसारखं पाणी दाखवून 'हात लावू नका' म्हणणं हा छळ आहे. आधीच सांगून ठेवा आणि संध्याकाळी इको लेकवर न्या, तिथे पोहता येतं.

—०—

मी सत्तरीला टेकलेला गृहस्थ. मुलगा बॉस्टनला असतो, त्याच्याकडे आलो असताना सूनबाईंनी हट्टाने नेलं. गुडघे कुरकुरतात म्हणून विजेवरची सायकल भाड्याने घेतली. दुकानात एक गोष्ट आवर्जून बघा : कॅरेज रोडवर फक्त 'क्लास १' चालते. म्हणजे पॅडल मारलं तरच मोटर जोर देते आणि ताशी २० मैलांना मदत थांबते. मूठ पिळली की पळणाऱ्या सायकलींना मज्जाव आहे. मला हा नियम फार आवडला. निदान पाय हलवायची अट आहे.

घोडागाड्या अजून चालतात. घोडे आणि चालणारे यांचा हक्क आधी, सायकलवाला शेवटी. मागून जाताना लांबूनच आवाज द्यायचा, वेग कमी करायचा. आम्ही हे पाळलं तेव्हा गाडीवानाने टोपी काढून दाद दिली. आपल्याकडे सायकलवाल्याला कुणी टोपी काढल्याचं मी पाहिलेलं नाही.

जॉर्डन पॉन्डच्या काठी चहा आणि पॉपओव्हर खायची पद्धत १८९० च्या दशकापासून चालत आलेली. पॉपओव्हर म्हणजे बाहेरून खरपूस, आतून पोकळ असा फुगलेला पाव. लोणी आणि स्ट्रॉबेरी जॅम लावून खातात. फुगण्यापलीकडे त्यात विशेष काय ते मला उमगलं नाही. सूनबाईंचं मत बरोबर उलट आहे, तेही नोंदवतो. समोर 'बबल्स' नावाच्या दोन गोल टेकड्या आहेत, हिमनद्यांनी घासून गुळगुळीत केलेल्या. त्यांच्याकडे बघत तिथे तासभर बसलो, त्याबद्दल मात्र कुणाचंच दुमत नव्हतं.

—०—

काका, छान लिहिलंत. मी 'अराउंड द माउंटन' फेरीबद्दल लिहितो. ११ मैलांच्या आसपास आहे आणि कॅरेज रोडवरची सगळ्यात कस काढणारी फेरी हीच. ज्यांना रोज सायकल चालवायची सवय आहे त्यांनी ईगल लेकवर समाधान मानू नये.

रस्त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. रुंदी सुमारे १६ फूट. तळाशी मोठे दगड, वर बारीक होत जाणारी खडी, मध्ये किंचित फुगवटा आणि कडेला पाणी वाहून जायला चर. म्हणून पावसानंतरही चिखल फारसा होत नाही. चढाचा कोन घोड्यांचा विचार करून ठेवलेला, त्यामुळे एका लयीत पॅडल मारत राहिलात तर गियर फार बदलावे लागत नाहीत. दरीच्या बाजूला ओबडधोबड ग्रॅनाइटचे ठोकळे ओळीने रोवलेत, त्यांना गमतीने 'रॉकफेलरचे दात' म्हणतात. उतारावर ते फार जवळ वाटतात! रोड बाईकचे बारीक टायर आणू नका, सुट्या खडीवर वळणात घसरतात. ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद बरे.

दगडी पूल तर थांबून बघायचेच. असे १७ पूल आहेत, त्यातले १६ रॉकफेलरच्या पैशातून झाले. एकासारखा दुसरा नाही. हॅडलॉक ओढ्यावरच्या पुलावर उभं राहिलं की समोरच धबधबा. पावसानंतर जा, ऑगस्टअखेर त्याची नुसती धार उरते. पुलांची खरी बांधणी खालून कळते, त्यामुळे जिथे पायवाट असेल तिथे सायकल कडेला लावून खाली उतरा. पायवाटांवर सायकल न्यायला मनाई आहे, चालतच जायचं. सील हार्बरकडे काही कॅरेज रोड उद्यानाच्या हद्दीबाहेर, खासगी जागेत आहेत. तिथे सायकलबंदीची पाटी दिसली की मागे फिरायचं.

—०—

सगळे तळ्यांभोवतीच फिरताय की! समुद्राबद्दल कोण बोलणार? कॅरेज रोडवरून समुद्र दिसतो तो लांबून, झाडांच्या फटीतून. लाटेचा आवाज ऐकायचा तर पार्क लूप रोडवरच यावं लागतं. २७ मैलांचा डांबरी रस्ता, बराच भाग एकेरी, आणि हो, मोटारींसोबत.

मी जूनअखेरीस पहाटे पाचला निघालो. सँड बीच, थंडर होल, ऑटर क्लिफ हा पट्टा अक्षरशः माझा एकट्याचा होता. सँड बीचची वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची आहे आणि पाणी ऐन उन्हाळ्यातही हाडं गोठवणारं. थंडर होल ही खडकातली अरुंद चीर. लाट आत घुसली की कोंडलेली हवा दाबली जाते आणि गडगडाट होतो. पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच जा. पूर्ण भरतीच्या एक-दोन तास आधी आवाज चांगला होतो, ओहोटीला नुसती बुडबुड. ऑटर क्लिफ ११० फूट उंच, रस्ता त्याच्या माथ्यावरून जातो, आणि तिथून पुढे उतार.

एकेरी नियम सायकललाही लागू आहे. पुन्हा बघावंसं वाटलं म्हणून उलट फिरता येत नाही.

—०—

दादा, वर्णन वाचून जावंसं वाटलं, पण मुलांना घेऊन या रस्त्यावर जाऊ नका असं मी ठामपणे म्हणेन. आम्ही दहाच्या सुमारास गाडीने गेलो तेव्हा उजवी मार्गिका पार्क केलेल्या गाड्यांनी भरलेली. चालवणारे लोक समुद्राकडे बघत, दारं केव्हाही उघडतात. सायकलस्वार बिचारे मधोमध.

—०—

ताई, मान्य. दहाला मीही जाणार नाही. आठच्या आत किनारा संपवायचा, जॉर्डन पॉन्ड गाठायचा आणि तिथून कॅरेज रोडला लागायचं. गर्दी डांबरावर, आपण झाडीत.

—०—

मी एकटी गेले होते, ऑक्टोबरमध्ये. बार हार्बरच्या व्हिलेज ग्रीन या मैदानापासून ईगल लेकपर्यंत 'बायसिकल एक्सप्रेस' ही फुकट बस असते, सायकली मागे ट्रेलरवर. जूनअखेर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच चालते. गावातून ईगल लेकपर्यंतचा मोटारींच्या रस्त्यावरचा चढ त्यामुळे वाचतो. हल्स कोव्हच्या माहिती केंद्रापाशी सुरुवात केलीत तर पहिलाच अर्धा मैल चांगला खडा आहे.

मला सगळ्यात भावला तो विच होल पॉन्डचा परिसर. १९४७ च्या ऑक्टोबरमध्ये, मोठ्या दुष्काळानंतर, बेटाच्या पूर्व भागात भीषण वणवा लागला. १७ हजारांहून जास्त एकर जळालं, त्यातलं १० हजार एकर उद्यानातलं. आधी तिथे स्प्रूस आणि फरची गडद सदाहरित झाडी होती. राख झालेल्या जमिनीवर ऊन पडलं आणि बर्च, ॲस्पेन वर आले. शरद ऋतूत लोक जो पिवळाजर्द रंग बघायला येतात तो बराचसा त्या आगीची देणगी. जळालेला आणि न जळालेला भाग सायकलवरून सरळ ओळखू येतो : एकीकडे पांढरी खोडं आणि उजेड, दुसरीकडे अंधारलेली थंडगार सावली. हात हँडलवर गारठतात, मोजे घालतो तसे हातमोजेही घाला.

एकटीने भीती वाटली का, असं बऱ्याचजणी विचारतात. नाही. माणसांची ये-जा असते आणि खांबांवरचे नंबर असतात. फोनला मात्र जंगलात रेंज जाते-येते, नकाशा कागदी ठेवा.

—०—

महिन्यांबद्दल थोडक्यात. बर्फ वितळताना कॅरेज रोड भिजून मऊ होतात, तेव्हा ते सगळ्यांसाठीच बंद ठेवतात. मार्च-एप्रिलमध्ये बेत आखत असाल तर आधी चौकशी करा. मे-जूनमध्ये काळ्या माश्या चावतात, थांबलात की संपलंच. आणि गवतात बसून उठल्यावर गोचिडी तपासा, रोज.

—०—

कॅडिलॅक डोंगराबद्दल कुणीच लिहिलं नाही? ४६६ मीटर उंच, वरपर्यंत साडेतीन मैलांचा डांबरी रस्ता. हंगामात मोटारीला आधी आरक्षण लागतं, सायकलला लागत नाही. सूर्योदयाची तिकिटं संपली म्हणून हळहळणाऱ्यांना हे सुचत नाही. पुढे-मागे दिवे पाहिजेत, आणि घामावर घालायला जाकीट, कारण वर वारा कापतो. चढण्यापेक्षा उतरणं जपून, ब्रेक तपासून घ्या.

—०—

माझं मत जरा वेगळं. गर्दी नको असेल तर बेट सोडा आणि स्कूडिकला जा. अकेडियाचा हा तुकडा खाडीपलीकडे, मुख्य भूमीवर आहे. उन्हाळ्यात बार हार्बरहून विंटर हार्बरला फेरीबोट जाते, सायकल सोबत नेता येते. तिथे २०१५ मध्ये स्कूडिक वूड्स हा तंबूंचा तळ उघडला आणि सोबत ८.३ मैलांच्या सायकलवाटा आल्या : खडीच्या, जंगलातून जाणाऱ्या, चढउतार मध्यम. भोवतीचा डांबरी रस्ता एकेरी आहे, पण मोटारी इतक्या तुरळक की मी मुलाला बिनधास्त पुढे सोडलं.

स्कूडिक पॉइंटला गुलाबी ग्रॅनाइटचं पसरट पठार समुद्रात उतरतं आणि त्यातून काळ्या बेसॉल्टचे पट्टे सरळ रेषेत गेलेले. ग्रॅनाइटला भेगा पडल्यावर खालून शिलारस (वितळलेला खडक) वर येऊन गोठला, ते हे पट्टे. सह्याद्रीत आपण बेसॉल्टचे डोंगरच्या डोंगर बघतो, इथे तोच दगड फीत लावल्यासारखा. ओल्या काळ्या खडकावर पाय ठेवू नका, आणि वादळानंतर तर कड्यापासून लांबच राहा. लाट किती वर येईल याचा अंदाज येत नाही.

खायला-प्यायला जवळ ठेवा, पॉइंटवर दुकान नाही. परतीच्या शेवटच्या बोटीची वेळ उतरतानाच विचारून घ्या. ती चुकली तर खाडीला वळसा घालून बार हार्बर चाळीसेक मैल पडतं, आणि तो रस्ता मोटारींचा आहे.